थंडीतली सॅक आधी उबेसाठी भरा

१ जानेवारी २०२४. जपानच्या नोतो द्वीपकल्पात नववर्षाचा पहिला दिवस, म्हणजे आपल्या दिवाळीसारखा, शहरात गेलेली मुलं-नातवंडं गावच्या घरी जमण्याचा. दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, मोठ्या त्सुनामीचा इशारा निघाला आणि लोक अंगावर होते त्या कपड्यांनिशी उंचावर धावले. तासाभरात अंधार पडला. रस्ते खचल्यामुळे कित्येक गावांचा संपर्क तुटला, वीज आणि पाणी गेलं. आठवडाभरात बर्फही पडायला लागलं. या भूकंपात घराखाली सापडून किंवा आगीत जेवढी माणसं गेली, त्याहून जास्त नंतरच्या काळात गेली: गारठ्याने, आजारपणाने, निवारा केंद्रातल्या हालांनी, वेळेवर उपचार न मिळाल्याने. जपानमध्ये अशा मृत्यूंची अधिकृत नोंद वेगळी ठेवतात.

हा लेख मुख्यतः जपानमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईच्या आसपास, आपली वस्ती आता इतकी आहे की २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक तिथल्या वॉर्ड सभेवर निवडून आले. पण ज्यांची मुलं-मुली कॅनडात, जर्मनीत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात आहेत, त्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. थंडी सगळीकडे सारखीच वागते.

आणीबाणीची सॅक भरायची म्हटलं की आपला हात आधी कपाटातल्या फाइलकडे जातो. पासपोर्ट, पदव्या, पॉलिसी, थोडं सोनं. मग चिवडा-बिस्किटं, मग औषधं, आणि उरलेल्या जागेत एखादा स्वेटर कोंबला जातो. मे महिन्यात हा क्रम खपून जाईल. जानेवारीत तो उलटा करावा लागतो. अन्नाशिवाय माणूस दिवसचे दिवस काढतो, पाण्याशिवाय दोन-तीन दिवस तगतो. ओल्या कपड्यांनी वाऱ्यात बसावं लागलं, तर मात्र काही तासांतच जिवावर बेतू शकतं. म्हणून हिवाळ्यातली सॅक पहिल्या रात्रीसाठी भरायची. पासपोर्ट दुसरा काढता येतो.

हे माझंच टुमणं नाही. जपान सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ईशान्य किनाऱ्याजवळच्या समुद्रतळात महाभूकंप झाला तर काय होईल, याचा अंदाज जाहीर केला. हिवाळ्यातल्या रात्री तो झाला, तर मृतांची संख्या जास्तीत जास्त १ लाख ९९ हजारांपर्यंत जाईल, असं त्यात म्हटलं आहे. त्याच अंदाजात वेगळा दाखवलेला आणखी एक आकडा आहे: त्सुनामीतून सुटून उंचावर पोहोचलेल्या, पण गारठ्यामुळे ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा माणसांचा. तो सुमारे ४२ हजार आहे. म्हणजे पळून जाण्यात यश आलेली माणसं.

सॅकच्याही आधी

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबेचा भूकंप पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झाला. त्यात ६,४३४ माणसं गेली. जी वाचली त्यांतली बरीच झोपायच्या कपड्यांत, अनवाणी, फुटलेल्या काचांवरून बाहेर आली. तेव्हा पलंगाखाली जाड तळाचे बूट, त्यात खोवलेले लोकरी मोजे, एक टॉर्च आणि शिट्टी या चार गोष्टी सॅकच्या आधी यायला हव्यात. बूट पिशवीत घालून ठेवा, नाहीतर काचेचे तुकडे त्यातच पडतील. रात्री झोपताना जाड जाकीट कपाटात न टांगता हाताशी खुर्चीवर ठेवायची सवय लावा. सॅकमध्ये कितीही सामान असलं तरी तुमचा सगळ्यात मोठा उबेचा साठा ते जाकीट आहे, आणि ते सॅकमध्ये नसतं.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर आणखी एक. त्सुनामीचा इशारा आला आणि सॅक दाराशी नसेल, तर ती शोधू नका. सॅक नसलेला माणूस टेकडीवर शेजाऱ्याच्या ब्लँकेटमध्ये शिरू शकतो.

अंगाला ऊब कशी राहते

सॅकमध्ये काय घालायचं हे कळायला शरीर उष्णता कुठे घालवतं ते समजून घेतलं पाहिजे. ओल्या कपड्यातून ती झपाट्याने जाते, वारा ती उडवून नेतो आणि थंड जमीन ती शोषून घेते. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांच्या लक्षात येतात. तिसरी, जमीन, हमखास विसरली जाते. जपानमधली निवारा केंद्रं बहुधा शाळेच्या व्यायामशाळेत असतात. उंच छत, मोठा हॉल, लाकडी फरशी, आणि अनेक ठिकाणी गरम करण्याची सोय नाही. तिथे वर तीन पांघरुणं घेऊन खाली काहीच न घालणारा माणूस रात्रभर काकडतो. अंगावर एक आणि खाली दोन, हे प्रमाण ठेवा. घडीचा फोमचा मॅट सॅकच्या बाहेरच्या बाजूला बांधता येतो. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांकडे तो घरी असतोच. नसेल तर पुठ्ठा. २०११ च्या आपत्तीनंतर जपानी निवारा केंद्रांत पुठ्ठ्याचे पलंग वापरात आले, कारण पुठ्ठ्यातली हवा थंड जमिनीला अडवते आणि माणूस फरशीवरच्या धुळीपासूनही वर राहतो.

कपड्यांच्या बाबतीत आपली सुती सवय इथे आड येते. सुती गाउन, सुती लेंगा, बनियन हे घाम किंवा पाणी शोषून घेतात आणि मग तासन्‌तास ओलेच राहतात. गोधडीचंही तेच. कोरडी असेपर्यंत तिच्यासारखं सुख नाही, भिजली की ती नुसतं ओझं. लोकर मात्र ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवते. धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढ्यांमागे उभे राहतात ते उगाच नाही. घोंगडी सॅकमध्ये मावणार नाही, पण तत्त्व तेच: आत अंगाला चिकटून बसणारं सिंथेटिक किंवा लोकरी थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जाकीट. एका जाड कोटापेक्षा हे तीन थर बरे, कारण चढण चढताना एक काढता येतो. घामाने आतून भिजणं हे पावसात भिजण्याइतकंच वाईट.

सॅकमध्ये प्रत्येकासाठी थर्मलचा एक पूर्ण जोड, मोज्यांचे दोन जोड, हातमोजे, कानटोपी आणि गळ्याभोवती गुंडाळायचं काहीतरी ठेवा. माकडटोपीला मुलं कितीही हसोत, कान, मान आणि चेहरा एकाच वेळी झाकणारं त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी वेगळी सोय करा. साडी आणि चपला घालून बर्फावरून निवारा केंद्रापर्यंत चालता येत नाही. आईला विजार घालायला संकोच वाटत असेल तर तो विषय तिच्याशी आत्ताच बोलून घ्या, रात्री दोन वाजता नको. निवारा केंद्रात बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून घडी होणाऱ्या जाड तळाच्या सपाता हव्यात. फरशीवर नुसत्या मोज्यांनी फिरून पाय गार पडले की झोप येत नाही.

हे सगळं सॅकमध्ये थेट भरू नका. प्रत्येक माणसाचा जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, वर नाव लिहून ठेवा. सॅक ‘वॉटरप्रूफ’ आहे असं दुकानदार सांगतो, त्यावर विसंबू नका. आतून मोठी कचऱ्याची पिशवी लावा आणि अशा चार-पाच पिशव्या जास्तीच्या ठेवा. डोक्या-हातांसाठी भोकं पाडली की त्यांचा रेनकोट होतो. आत चुरगळलेले वर्तमानपत्राचे कागद भरून त्यात पाय घातले की पायांना ऊब येते.

चंदेरी आपत्कालीन चादर हल्ली सगळ्या तयार किटमध्ये असते. ती हलकी आहे, ती घ्याच. पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ती तुमचीच उष्णता तुमच्याकडे परतवते आणि वारा अडवते. स्वतः ऊब निर्माण करत नाही आणि अंगाखाली घातली तर जमिनीच्या गारठ्याला अडवत नाही. कपडे आणि ब्लँकेटच्या वरून गुंडाळायची. आवाज भयंकर करते, शंभर माणसांच्या हॉलमध्ये रात्री कूस बदलली की शेजारी जागे होतात. कमी आवाजाची मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या.

जपानमध्ये कायरो नावाच्या गरम पुड्या औषधाच्या दुकानात ढिगाने मिळतात. आत लोखंडाची भुकटी असते, पाकीट फोडलं की ती हवेतल्या प्राणवायूने गंजायला लागते आणि त्यातून उष्णता निघते. एक पुडी दहा-बारा तास सहज चालते. माणशी सहा-सात पुड्या ठेवा आणि पाकिटावरची मुदत बघा. त्या कपड्यावरून लावायच्या, उघड्या त्वचेवर कधीच नाही, आणि लावून झोपायचं नाही. फार गरम न वाटताही एकाच जागी तासन्‌तास राहिल्याने कातडी भाजते, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला ते कळतही नाही. तान्ह्या बाळाला कायरो नको. बाळाला आपल्या कोटाच्या आत, छातीशी बांधा.

खाणं, पाणी, गॅस

हुडहुडी भरते तेव्हा शरीर स्नायूंमधून उष्णता काढत असतं आणि त्याला इंधन लागतं. त्यामुळे थंडीतलं खाणं हेही उबेचंच सामान. शिजवावं लागणार नाही, पाणी लागणार नाही आणि गोठून दगड होणार नाही असं हवं. आपल्याकडचं हिवाळी खाणं यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे: डिंकाचे लाडू, तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. चिवडा आणि फरसाण टाळा, त्याने तहान लागते. चॉकलेट चालेल, पण काही चॉकलेट-बार थंडीत इतके कडक होतात की कवळी लावणाऱ्यांना चावत नाहीत.

शाकाहारी मंडळींची जपानमधली अडचण वेगळी आहे. निवारा केंद्रात मिळणाऱ्या सूपमध्ये, भातातही, माशाचा अर्क असू शकतो, आणि त्या रात्री चौकशी करत बसायला कोणाला वेळ नसतो. त्यावर उपाय म्हणजे तिथला ‘अल्फा राइस’. शिजवून वाळवलेला हा भात पाकिटातच गरम पाणी ओतून १५ मिनिटांत तयार होतो, साध्या पाण्यात तासाभरात. त्याचा साधा पांढरा प्रकार घ्या आणि सोबत मेतकूट, मीठ व तिखटाच्या छोट्या पुड्या ठेवा. आजूबाजूचे जपानी आजी-आजोबा मेतकूट-भात मागून घेतील याचीही तयारी ठेवा.

पाणी दिवसाला माणशी तीन लिटर धरतात. चौघांचं तीन दिवसांचं पाणी म्हणजे ३६ लिटर, म्हणजे ३६ किलो. ते घरात साठवायचं. सॅकमध्ये प्रत्येकाच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुरे. बाटल्या कपड्यांच्या मध्यभागी, काठोकाठ न भरता ठेवा, म्हणजे गोठल्या तरी फुटणार नाहीत. थंडीत तहान जाणवत नाही आणि निवारा केंद्रात शौचालयाची रांग टाळायला लोक मुद्दाम कमी पाणी पितात. पाणी कमी, हालचाल कमी, त्यात गाडीत पाय दुमडून झोपायचं, अशाने पायांच्या रक्तवाहिनीत गाठ होते आणि ती फुप्फुसात जाऊन अडकू शकते. ऑक्टोबर २००४ च्या निइगाता भूकंपानंतर गाडीत झोपणाऱ्यांचे असे मृत्यू झाले. म्हणून रसायनाची पुडी असलेल्या शौचाच्या पिशव्या सॅकमध्ये न लाजता ठेवा. दिवसाला माणशी पाच असा हिशेब असतो.

गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी शेगडी जपानी घरांत असते. तिच्या साध्या डब्यात मुख्यतः ब्युटेन असतो, आणि तो शून्याच्या जवळपास वायूत बदलायचाच थांबतो. थंड प्रदेशासाठीचे, प्रोपेन मिसळलेले डबे वेगळे मिळतात. बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत ती पेटवू नका.

गाडीचा विषय निघालाच आहे म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये कानएत्सु द्रुतगती मार्गावर बर्फामुळे दोन हजारांहून जास्त वाहनं अडकली आणि पूर्ण सुटका व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले. हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, डिकीत फावडं आणि ब्लँकेट ठेवा. धुराचं नळकांडं बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. नळकांड्याजवळचं बर्फ दर थोड्या वेळाने काढावं लागतं, नाहीतर इंजिन बंद ठेवून पांघरुणात बसावं.

जे गारठ्याने बिघडतं

इन्सुलिन एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं, पुन्हा पातळ झालं तरी त्याचा भरवसा नाही. त्यामुळे ते सॅकमध्ये न ठेवता आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. मोबाइल आणि पॉवर बँकही तिथेच. थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते. टॉर्चसाठी साध्या अल्कलाइन सेलपेक्षा लिथियम सेल महाग असले तरी गारठ्यात टिकतात. हेडटॉर्च घ्या, म्हणजे एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात कठडा धरता येतो.

रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा आणि जपानी औषधवही, ‘ओकुसुरी तेचो’, तिचा फोटो किंवा प्रत सोबत ठेवा. जपानी न येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक पुठ्ठ्याचं कार्ड असू द्या: नाव, पत्ता, आजार, औषधं, शाकाहारी असल्याचा उल्लेख, मुलाचा किंवा सुनेचा फोन नंबर, सगळं जपानीत. टूथब्रश आणि कवळीची डबी गाळू नका. कोबेच्या निवारा केंद्रांत न्यूमोनियाने अनेक वृद्ध दगावले, आणि तोंडाची स्वच्छता न राहिल्याने त्यातले जंतू फुप्फुसात उतरतात, हे तेव्हापासून डॉक्टर सांगत आले आहेत. लहान बाळ असेल तर पावडरच्या दुधाला गरम पाणी कुठून आणणार याचा विचार करा. २०१९ पासून जपानच्या दुकानांत बाळासाठी तयार पातळ दूध मिळतं.

कागदपत्रांच्या छायाप्रती, रेसिडेन्स कार्ड, सुटी नाणी आणि हजार येनच्या नोटा एका पाकिटात. वीज गेली की कार्ड चालत नाही. एवढंच पुरे.

थंडीने माणूस आजारी पडतोय हे ओळखायलाही शिकून घ्या. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी जोरात हुडहुडी भरते. मग बोलणं अडखळतं, पाय लटपटतात, माणूस चिडचिडा किंवा अगदी गप्प होतो. हुडहुडी थांबली पण माणूस बरा दिसत नाही, तर ते चांगलं लक्षण नाही. ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा. तोवर ओले कपडे काढा, कोरडं घाला, छाती आणि पोटाला ऊब द्या, शुद्धीत असेल तर कोमट गोड पाणी पाजा. हातपाय चोळू नका. दारू तर नकोच. तिने अंग गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते.

इथल्या वाचकांसाठी थोडं

महाराष्ट्रात हे कशाला, असं वाटेल. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि ऐन थंडीत लोकांनी घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्येही तेच झालं. इथे बर्फ नसतं, पण पहाटेचं दव आणि ओली जमीन असते. ताडपत्री, खाली भाताचा पेंढा, वर घोंगडी आणि पोरांसाठी कानटोप्या, एवढं गोणीत बांधून दाराशी ठेवलं तरी रात्र निभावते.

सॅकचं वजन बाईसाठी १० आणि पुरुषासाठी १५ किलोच्या वर नको, असं जपानमध्ये साधारण सांगतात. मला तेही जास्त वाटतं. उंच इमारतीत लिफ्ट बंद असेल, तर भरलेली सॅक पाठीवर घेऊन जिना उतरून पाहा. उबेचे कपडे दिवाळीच्या आवराआवरीत सॅकमध्ये घाला. मुलांची मापं तेव्हाच तपासा, गेल्या वर्षीचं थर्मल हमखास तोकडं झालेलं असतं. होळीला मात्र ते काढू नका. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर त्या संध्याकाळी ईशान्य जपानमध्ये बर्फ पडत होतं. गुढी उभारली की मग काढा.

आणि या शनिवारी एक करून बघा. हीटर बंद करा, गाद्या बाजूला ठेवा आणि सगळ्यांनी फक्त सॅकमधल्या सामानावर दिवाणखान्याच्या फरशीवर झोपा. पहाटे तीनला ज्या वस्तूसाठी उठून कपाट उघडावंसं वाटेल, ती रविवारी सॅकमध्ये घाला.